लिनक्स संगणकाची मांडणी आणि सुरक्षा : गोव्यातील घर, दुकान आणि वाचनालय यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. ज्या संगणकांत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही किंवा ज्यांचा प्रोसेसर जुना आहे, त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे घेता येईना. तेव्हापासून फोंडा आणि डिचोली भागातील माझ्या ओळखीच्या अनेकांनी आपले उत्तम चालणारे जुने संगणक विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीवर आणले आहेत. कोणाच्या संगणकावर दुकानाचे हिशेब आहेत, कोणाच्या मुलांचा अभ्यास आहे, कुठे वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद आहे, तर कुठे भजनी मंडळाची वीस वर्षांची ध्वनिमुद्रणे आहेत. लिनक्स बसवायला एक दुपार पुरते. खरी अडचण त्यानंतर येते, कारण काही अडले की सल्ला चहूकडून मिळतो आणि त्यातला कोणता सल्ला आपल्या संगणकाला लागू पडतो हे ठरवता येत नाही.

म्हणून पहिली सूचना संगणक सुरू करण्याआधीची आहे. प्रत्येक संगणकासाठी एक वेगळी शंभर पानी वही घालावी. तिच्यात तारीख, काय बदलले, का बदलले, कोणाच्या सल्ल्याने बदलले आणि ते पूर्ववत कसे करायचे, एवढे प्रत्येक वेळी लिहावे. संगणक सांभाळणाऱ्याला त्यातील प्रत्येक बदलाचे कारण ठाऊक असले, तरच तो संगणक सुरक्षित राहतो, असे माझे मत आहे, आणि ते कारण डोक्यात सहा महिनेही टिकत नाही. पुढील प्रत्येक पायरीत या वहीचा उल्लेख येईल. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, त्या रोमन लहान अक्षरांत टाइप कराव्यात; मोठे अक्षर हवे तेथे तसे सांगितले आहे.

सल्ला पारखून घेणे

डिचोली तालुक्यातील एका वाचनालयात घडलेली गोष्ट सांगतो. तेथे स्कॅन केलेल्या अंकांचे फोल्डर एका खात्यातून उघडत होते आणि दुसऱ्यातून उघडत नव्हते. कार्यकर्त्याने व्हॉट्सॲपवर विचारले, तेव्हा त्याला 'सुडो सीएचमॉड' (सुडो म्हणजे सर्वाधिकाराने चालवणे, सीएचमॉड म्हणजे परवानग्या बदलणे) ही कमांड ७७७ या, सर्वांना सर्व परवानग्या देणाऱ्या आकड्यासह आणि आतील सर्व फोल्डरांना लागू होणाऱ्या मोठ्या 'आर' पर्यायासह चालवण्यास सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या मनात ते एकच फोल्डर होते, पण कमांडच्या शेवटी फोल्डरच्या पत्त्याऐवजी नुसती तिरकी रेघ राहिली, आणि लिनक्समध्ये नुसती तिरकी रेघ म्हणजे संपूर्ण प्रणालीचे मूळ. परिणाम असा झाला की प्रत्येक फाइल सर्वांना लिहिण्यासाठी खुली झाली. सुडोच्या फाइलीवर जी विशेष परवानगी असते ती याच आकड्याने पुसली गेल्यामुळे सुडोही चालेना, आणि चूक दुरुस्त करण्याचा मार्गच बंद झाला. हजारो फाइलींच्या मूळ परवानग्या हाताने परत बसवणे व्यवहार्य नव्हते. पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करून अंक बाहेर काढले आणि लिनक्स पुन्हा बसवले.

मुळात त्या फोल्डरसाठी करायचे काम लहान होते. दोन्ही खात्यांचा एक गट तयार करावा, फोल्डरची गट-मालकी त्या गटाला द्यावी आणि त्या एकाच फोल्डरची परवानगी २७७० ठेवावी. पहिला अंक २ असल्यामुळे त्या फोल्डरमध्ये नव्याने तयार होणारी प्रत्येक फाइलही त्याच गटाच्या नावावर चढते, आणि गटाबाहेरच्या कोणालाही आत पाहता येत नाही.

कोणताही सल्ला अमलात आणण्यापूर्वी मी काही प्रश्न विचारतो, आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत एंटर दाबत नाही. सल्ला कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या वर्षी दिला गेला होता? २०१५ मधले उत्तर आजच्या प्रणालीवर अनेकदा निरुपयोगी ठरते, क्वचित घातकही ठरते. सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या स्रोताची ओळख पटवणारी किल्ली 'एपीटी-की' या कमांडने जोडण्याचा एके काळी सर्वत्र दिला जाणारा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. कमांडमधील प्रत्येक शब्द काय करतो? 'मॅन' या कमांडपुढे दुसऱ्या कमांडचे नाव लिहिले की तिची पूर्ण माहिती इंटरनेटशिवायही वाचता येते. केलेले काम परत फिरवता येईल का? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : या सल्ल्याने एखादी परवानगी सैल होते आहे का, किंवा एखादे संरक्षण बंद होते आहे का?

या शेवटच्या प्रश्नात अडकणारे सल्ले ओळखीचे असतात. फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत) तात्पुरती बंद करा, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना होणारी स्वाक्षरीची तपासणी) काढून टाका, इंटरनेटवरून स्क्रिप्ट उतरवून ती न वाचता थेट बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे सोपवा, आपले खाते डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाच्या) गटात घाला. डॉकरच्या गटात असलेल्या खात्याला प्रत्यक्षात रूटचे, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याचे, सर्व अधिकार मिळतात, हे सांगणारा क्वचितच सांगतो. अशा सल्ल्यांत कधीकधी खरे निदानही असते, परंतु 'तात्पुरते' म्हणून बंद केलेली गोष्ट वहीत नोंदवली नाही, तर ती कायमची बंद राहते.

सल्ला मागणाऱ्याचीही जबाबदारी असते. चूक दाखवणारा संदेश मोबाइलने अर्धवट फोटो काढून पाठवू नये. तो पूर्ण मजकूर म्हणून पाठवावा, त्यासोबत आवृत्तीचे नाव, नुकताच केलेला बदल आणि आतापर्यंत करून पाहिलेले उपाय लिहावेत. लॉग (संगणकाने ठेवलेली घडामोडींची नोंद) पाठवण्यापूर्वी त्यातून वायफायचा पासवर्ड, खात्यांची नावे आणि यंत्राचे अनुक्रमांक काढून टाकावेत. अडचण सुटल्यावर ती कशी सुटली हे त्याच ठिकाणी लिहावे, कारण पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला तेच विचारायचे असते.

आवृत्ती निवडणे आणि ती तपासून घेणे

पहिल्यांदा लिनक्सवर येणाऱ्याला मी लिनक्स मिंटची २२ ही मालिका सुचवतो. ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत आधार आहे. संगणकात केवळ ४ जीबी रॅम असेल, तर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्यावा. ज्याला वारंवार बदल नको आहेत आणि थोडे वाचण्याची तयारी आहे, त्याच्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकाशित झालेले डेबियन १३ उत्तम.

नव्यातली नवी आवृत्ती म्हणजे अधिक सुरक्षित, हा समज मी आग्रहाने खोडून काढतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने) प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, आणि त्या मागाने जाताना एक्सझेड या फाइल-संकोचनाच्या प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर लपवलेला चोरदरवाजा सापडला. तो डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या विकासाधीन शाखेत पोहोचला होता. डेबियनच्या स्थिर शाखेत तो पोहोचला नव्हता. ज्या संगणकावर देवस्थानाचे किंवा दुकानाचे हिशेब आहेत, तेथे स्थिर शाखाच असावी.

आपल्याकडे डाउनलोड वाचवण्यासाठी एकाने उतरवलेली लिनक्सची प्रतिमा, म्हणजे ते बसवण्याची मोठी फाइल, पेन ड्राइव्हवरून दहा जणांकडे जाते. हे चांगलेच आहे, मात्र घेणाऱ्या प्रत्येकाने ती तपासून घ्यावी. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून कोणीतरी १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलला होता, आणि त्या दुव्यावरून उतरवणाऱ्यांना चोरदरवाजा असलेली प्रत मिळाली होती. तपासणीसाठी 'एसएचए२५६सम' या कमांडपुढे फाइलचे नाव द्यावे आणि येणारी ६४ अक्षरांची ओळ प्रकल्पाने प्रकाशित केलेल्या ओळीशी ताडून पाहावी. संकेतस्थळच बदललेले असेल, तर तेथील ओळही बदललेली असू शकते. म्हणून त्या ओळीच्या फाइलीवरील डिजिटल स्वाक्षरी जीपीजी या साधनाने पडताळणे ही पुढची पायरी आहे, आणि ती टाळू नये.

जुना संगणक तयार करणे

विंडोजमधील सर्व कामाच्या फाइली बाह्य डिस्कवर घ्याव्यात आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात. विंडोज शेजारी ठेवायचे असेल, तर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवावी आणि फास्ट स्टार्टअप बंद करावे. फास्ट स्टार्टअप चालू राहिल्यास विंडोजचे विभाजन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्सने तेथे लिहिल्यास फाइली बिघडू शकतात. हिशेबाची एखादी प्रणाली केवळ विंडोजवर चालत असेल, किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनला लिनक्सचा ड्रायव्हर नसेल, तर ते याच टप्प्यावर पारखून घ्यावे. प्रिंटरचेही तसेच. पेन ड्राइव्हवरून लिनक्स न बसवताच चालवून पाहता येते, तेव्हा छापण्याची चाचणी तेथेच करावी.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपलेली असली, तर वीज गेल्यावर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध ठरवतो आणि अपडेट करताना फाइल अजून वैध झालेली नाही असा संदेश येतो. पावसाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात हे हमखास घडते, आणि त्यावर 'प्रमाणपत्राची तपासणी बंद करा' असा सल्ला दिलेला मी पाहिला आहे. बॅटरी बदलावी, ती कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

इन्स्टॉल करताना : डिस्कचे कूटबंधन आणि परवलीचे वाक्य

पूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याची, म्हणजे परवलीच्या वाक्याशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याची, सोय इन्स्टॉल करतानाच घेणे सोपे असते. नंतर ती घालायची म्हणजे बहुधा सर्व पुन्हा करावे लागते. मिंटमध्ये डिस्क निवडण्याच्या पडद्यावर प्रगत पर्यायांत ती मिळते, डेबियनमध्ये कूटबद्ध एलव्हीएम या नावाने मिळते, आणि दोन्हींच्या मागे लक्स हीच पद्धत काम करते. चोरीस गेलेल्या किंवा दुरुस्तीला दिलेल्या संगणकातील माहिती त्यामुळे दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. मात्र संगणक चालू असताना किंवा केवळ झोपलेल्या अवस्थेत असताना हे संरक्षण नसते, म्हणून लॅपटॉप घेऊन कदंबाच्या बसने पणजीला निघताना तो पूर्ण बंद करावा.

डेबियन बसवणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना आहे. इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड विचारतो तेव्हा ती जागा रिकामी सोडावी; असे केल्यास पहिल्या खात्याला आपोआप सुडोचा अधिकार मिळतो. तेथे पासवर्ड भरला, तर पहिल्या दिवशीच 'हे नाव सुडोच्या यादीत नाही' असे उत्तर मिळते आणि नवखा माणूस गोंधळतो.

परवलीचे वाक्य कसे निवडावे यावर मी थोडा अधिक वेळ घेतो. मराठी शब्द वापरावेत, परंतु ते रोमन अक्षरांत लिहावेत, कारण संगणक सुरू होताना जो प्रश्न येतो तेथे देवनागरी टंकलेखनाची व्यवस्था चालू झालेली नसते आणि देवनागरीत ठरवलेले वाक्य तेथे टाइपच करता येत नाही. शब्द मनाने निवडू नयेत. मनाने निवडताना प्रत्येक जण कुलदेवता, गाव, मुलांची नावे आणि जन्मवर्ष यांच्याकडेच वळतो, आणि आपल्या गावात ही माहिती सर्वांना असते. घरातील मराठी शब्दकोश घ्यावा, डोळे मिटून पान उघडावे, बोट ठेवावे आणि येईल तो शब्द घ्यावा. असे सहा वेळा करावे आणि शब्द आवडला नाही म्हणून बदलू नये. फाशांनी ७७७६ शब्दांच्या यादीतून शब्द निवडण्याची डाइसवेअर नावाची पद्धत १९९५ पासून प्रचलित आहे. तिच्यात एका शब्दाने सुमारे १२.९ बिटांची अनिश्चितता मिळते, म्हणजे सहा शब्दांनी सुमारे ७७ बिट. शब्दकोशाची पद्धत त्याच तत्त्वावर चालते.

गोव्यात रोमन लेखनाची एक वेगळीच अडचण आहे. येथील गावांच्या रोमन नावांवर पोर्तुगीज वळण आहे : डिचोलीचे नाव 'बी'ने सुरू होते, साखळीच्या नावात 'क्यू' येतो. शिवाय रोमी कोंकणी वाचणाऱ्याच्या हाताला 'श'साठी 'एक्स' लिहिण्याची सवय असते, तर शाळेत इंग्रजी शिकलेला 'एस' आणि 'एच' लिहितो. त्यामुळे एकच मराठी शब्द घरातील दोघे दोन तऱ्हांनी लिहितात. वाक्य ठरवल्यावर त्याचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर कागदावर लिहावे, आठवडाभर रोज टाइप करावे, आणि मग तो कागद पाकिटात बंद करून घरातील कपाटात ठेवावा. वाचनालयासारख्या ठिकाणी एकच वाक्य सर्वांना सांगण्याची गरज नसते, कारण लक्स२ मध्ये ३२ पर्यंत वेगवेगळी वाक्ये ठेवता येतात. अध्यक्षांचे एक, सचिवांचे एक, आणि पदाधिकारी बदलले की फक्त त्यांचे वाक्य काढून टाकता येते. लक्सचा आरंभीचा भाग खराब झाला, तर योग्य वाक्य माहीत असूनही डिस्क उघडत नाही, म्हणून 'क्रिप्टसेटअप'च्या 'लक्सहेडरबॅकअप' (यातील 'एच' आणि 'बी' मोठे) या उपकमांडने त्याची प्रत घेऊन ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

ज्या संगणकाने वीज आल्यावर कोणी नसतानाही आपोआप सुरू व्हायला हवे, उदाहरणार्थ दुकानातील कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा, तेथे पूर्ण कूटबंधन गैरसोयीचे ठरते. अशा वेळी प्रणाली खुली ठेवून फक्त माहितीची डिस्क कूटबद्ध करावी किंवा तो संगणक कुलपाच्या आत ठेवावा, आणि हा निर्णय वहीत कारणासह लिहावा.

सिक्युअर बूट चालू असतानाच मिंट, उबुंटू आणि डेबियन बसतात. ते बंद करण्याचे कारण बहुधा ग्राफिक्स कार्डाचा बाहेरून घेतलेला ड्रायव्हर असतो. त्यासाठीही इन्स्टॉलर एक पासवर्ड विचारून पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवण्याची सोय देतो. तो पडदा घाईने वगळू नये.

पहिला तास

नेट जोडल्यावर पहिले काम अपडेटचे. 'सुडो एपीटी अपडेट' आणि त्यानंतर 'सुडो एपीटी अपग्रेड' चालवावे. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द सुडोमध्ये एक गंभीर दोष उघड झाला, जो २०११ पासून तेथे होता आणि ज्यामुळे साध्या खात्यालाही रूटचे अधिकार मिळत होते. दोष उघड झाल्याच्या दिवशीच दुरुस्ती प्रमुख वितरणांत (मिंट, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या तयार संचांत) आली, आणि ज्यांनी अपडेट केले ते सुटले. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या प्राधान्यांत स्वयंचलित अपडेटचा पर्याय हाताने चालू करावा लागतो; उबुंटूत सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात. कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) अपडेट आल्यावर संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच कर्नल चालत असतो. चवथीला आठवडाभर गावी जाऊन परतल्यावर मेल उघडण्यापूर्वी हेच काम आधी करावे.

घरातील प्रत्येकासाठी वेगळे खाते करावे आणि सुडोचा अधिकार एकाच खात्याला द्यावा. मुलांच्या किंवा वाचकांच्या खात्याला तो देऊ नये. आपोआप लॉगिन होण्याची सोय घेऊ नये, आणि पडदा पाच मिनिटांत कुलूपबंद होईल असे ठरवावे. मराठी टंकलेखनासाठी आयबस आणि इन्स्क्रिप्ट बसवल्यावर एक सवय लावून घ्यावी : पडदा कुलूपबंद करण्यापूर्वी कीबोर्ड इंग्रजीवर आणावा. पासवर्ड बरोबर असूनही तो स्वीकारला जात नाही, अशा तक्रारींपैकी निम्म्या तरी मला याच कारणाने आलेल्या दिसल्या आहेत.

उघडी दारे मोजणे

आपल्या संगणकावर कोणत्या सेवा बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट पाहत आहेत, हे 'सुडो एसएस' या कमांडपुढे आडवी रेघ (-) देऊन तिला टी, यू, एल, पी, एन ही पाच अक्षरे जोडून पाहता येते. ज्या ओळीत १२७.०.०.१ हा पत्ता आहे ती सेवा संगणकाच्या आतच बोलते, ०.०.०.० असेल, तर ती नेटवर्कवरील सर्वांना ऐकते. ही यादी पहिल्या दिवशी वहीत उतरवून ठेवावी, म्हणजे पुढे नवी ओळ दिसली की लगेच ओळखता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रिंटर शोधणाऱ्या 'कप्स-ब्राउझ्ड' या सेवेतील दोष जाहीर झाला, तेव्हा ती सेवा यूडीपीच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) सर्वांचे ऐकत होती, आणि अनेकांना ती आपल्याकडे चालू आहे हेही ठाऊक नव्हते. गरज नसलेली सेवा 'सिस्टमसीटीएल डिसेबल' या कमांडला '--नाऊ' हा पर्याय जोडून बंद करावी. फायरवॉल त्यानंतरची गोष्ट आहे.

उबुंटू आणि मिंट यांच्यासोबत यूएफडब्ल्यू ही फायरवॉल येते, परंतु ती सुरुवातीला बंद असते. आधी बाहेरून येणारे सर्व नाकारण्याचा नियम ठरवावा, मग 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल' म्हणावे. दूरच्या संगणकावर एसएसएचने बसून हे करत असाल, तर एसएसएचला परवानगी देणारा नियम आधी घालावा, अन्यथा स्वतःचेच दार बंद होईल. दुकानातील दोन संगणकांत फाइली वाटायच्या असतील, तर परवानगी केवळ दुकानाच्या नेटवर्कपुरती, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.०/२४ या पत्त्यांपुरती द्यावी. डॉकर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की डॉकरने बाहेर उघडलेली पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालतात.

केबलवाल्याने बसवून दिलेल्या राउटरचा व्यवस्थापनाचा पासवर्ड अनेक घरांत मूळचाच राहिलेला असतो. तो त्याच दिवशी बदलावा आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करावे.

एसएसएच, केवळ गरज असेल तरच

घरच्या संगणकावर एसएसएच सर्व्हर लागत नाही. दोन-तीन संगणक एकाच व्यक्तीने सांभाळायचे असतील, तर तो उपयोगी पडतो. आपल्या लॅपटॉपवर 'एसएसएच-कीजेन' चालवून ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करावी, तिला स्वतंत्र परवलीचे वाक्य द्यावे आणि किल्लीचा सार्वजनिक भाग 'एसएसएच-कॉपी-आयडी'ने पलीकडे पाठवावा. किल्लीने प्रवेश होतो हे पाहिल्यावरच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पासवर्डने येणारा प्रवेश आणि रूटचा थेट प्रवेश बंद करावा. सेवा पुन्हा सुरू करताना जुनी खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून प्रवेश करून पाहावा. पोर्टचा क्रमांक २२ वरून दुसरा करण्याचा सल्ला फार लोकप्रिय आहे; त्याने लॉगमधील गोंगाट कमी होतो, संरक्षण मात्र किल्लीनेच मिळते.

सॉफ्टवेअर कुठून घ्यावे

वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावे, तेथे नसेल तर फ्लॅटहब या सामाईक ॲप-भांडारातून घ्यावे आणि ते प्रकाशकानेच ठेवले आहे का हे पाहावे. २०२३ मध्ये स्नॅप स्टोअरमध्ये क्रिप्टो वॉलेटच्या नावाने बनावट ॲप सापडले होते, तेव्हा दुकान अधिकृत आहे एवढ्यावर थांबू नये. बाहेरचा पीपीए (कोणी व्यक्तीने किंवा गटाने ठेवलेले वेगळे भांडार) जोडला, तर त्याचे नाव आणि कारण वहीत लिहावे.

बॅकअप आणि आपला पावसाळा

वरील सर्व काळजी घेऊनही एक दिवस डिस्क जाते. गोव्यात ती जून ते ऑक्टोबर या काळात जाण्याची भीती मला अधिक वाटते, कारण या दिवसांत दमट हवा, वारंवार खंडित होणारी वीज आणि पाऊस ओसरताना होणारा विजांचा कडकडाट हे तिन्ही असतात. ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली जर्नल ठेवते, म्हणून वीज अचानक गेल्यावर तिचा सांगाडा सहसा शाबूत राहतो, पण जे लिहिणे चालू होते ते वाचेलच असे नाही. यूपीएस घ्यावा, आणि त्याला यूएसबीची जोडणी असेल, तर 'नट' ही साधने बसवावीत, म्हणजे बॅटरी संपत आली की संगणक स्वतः रीतसर बंद होतो. विजा चमकू लागल्यावर विजेचा प्लग आणि नेटवर्कची तांब्याची केबल, दोन्ही काढावेत. फायबरमधून वीज येत नाही, परंतु फायबरच्या पेटीला विजेचा अडॅप्टर असतो आणि तेथून संगणकापर्यंत येणारी तार तांब्याचीच असते.

टाइमशिफ्ट आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. टाइमशिफ्ट प्रणालीची स्थिती जपते आणि होम फोल्डर मुळातच वगळते. बिघडलेले अपडेट मागे घेण्यासाठी ते उत्तम, तुमची कागदपत्रे मात्र त्यात नसतात. कागदपत्रांसाठी देजा डुप वापरावे आणि प्रत कूटबद्ध करण्याचा पर्याय घ्यावा. टाइमशिफ्टची बाह्य डिस्क ईएक्सटी४ ची हवी, एक्सफॅटवर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत.

माझी व्यवस्था अशी आहे. दोन बाह्य डिस्क आहेत. एक घरी असते, दुसरी नातेवाइकांकडे दुसऱ्या गावात, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांची अदलाबदल होते. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवतो, कारण जोडून ठेवलेली डिस्क चुकीच्या कमांडने किंवा खंडणीखोर प्रोग्रामने संगणकासोबतच जाते. पावसाळ्यात डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलतो. आधी जिच्यात सांडगे ठेवले जात, अशी स्टीलची बरणी मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटली आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी, दोन्ही डिस्कची स्मार्ट चाचणी (डिस्कची स्वतःची आरोग्य-तपासणी) करावी आणि प्रत्येकीतून वेगवेगळ्या वर्षांच्या तीन फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडाव्यात. कूटबद्ध प्रतीचे परवलीचे वाक्य पाकिटातील कागदाशी जुळते का, तेही त्याच वेळी पाहावे. तारीख, फाइलींची नावे आणि लागलेला वेळ वहीत लिहावा. एखादी फाइल उघडली नाही, तर त्या दिवशी संगणकावर दुसरे कोणतेही काम सुरू न करता आधी नवी प्रत नव्या डिस्कवर घ्यावी, आणि जुन्या डिस्कवर तारखेसह 'वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवावी.